उपास, रोजा आणि उपोषण

आमचे नागरिकशास्त्राचे मास्तर निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. 'समता' म्हणताना त्यांची जीभ अडखळायची, पण 'हक' म्हणाले की परंड्याच्या किल्ल्यावरच्या तोफा थरथरायच्या. त्यांनी सकाळी उपोषणाचा धडा घेतला आणि मधल्या सुट्टीत मी माठाशेजारी बैठक मारली.

शाळेच्या त्या माठाला महारवाड्यातल्या माझ्या दोस्तानं हात लावायचा नाही, असा रिवाज. शिपायानं वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायचं, शिपाई नसला तर तहान गिळायची.

"समद्यांनी ह्याच माठातनं आपापल्या हातानं पाणी घ्यावं, तवर उठत न्हाय," मी जाहीर केलं. अर्धा गाव बघायला लोटला. उरलेला अर्धा शेळ्या घेऊन आला.

तेवढ्यात आईनं डब्यात भगर आणि शेंगदाण्याची आमटी धाडली. लेकाला उपास आहे, एवढंच तिला कळलेलं. बाकावरचा माझा जोडीदार, अत्ताराचा पोरगा, डबा बघून हबकला.

"येडा झालास का? पानी बी चालत न्हाय. थुंकी बी गिळायची न्हाय. सूर्य बुडल्यावर सोडायचं."

धड्यात हे काहीच नव्हतं. मी मास्तरांकडं बघितलं. मास्तरांनी मागं उभ्या हेडमास्तरांकडं बघितलं.

"बेटा," ते हळूच म्हणाले, "ते परीक्षेपुरतं होतं."

भगरीवर माशा बसल्या, म्हणून मी रोजाच धरला. दोस्त म्हणाला, "तुमचं ठरू द्या निवांत. मला सकाळधरनं तहान लागलीय."

हेडमास्तर पुढं आले. "समता पाहिजे ना? घ्या." त्यांनी माठ उचलून कचेरीत ठेवायला लावला, कुलूप घातलं. "आता कुणालाच न्हाय." मग बघे हुसकून फाटकाला बाहेरून कडी लावायला सांगितली. शाळा सुटेपर्यंत कुणी हलायचं नाही.

वैशाखातलं ऊन असं, की पत्र्यावर बसलेला कावळा भाजून खाली पडावा. सगळी शाळा माझ्याकडं बघत होती, आणि ते बघणं काही प्रेमाचं नव्हतं. उठलो तर हरलो. बसलो तर पोरं तुडवणार. पळावं तर कडी.

फक्त दोस्त येऊन शेजारी टेकला.

"उठ की आता."

"अट कुठं पुरी झाली?"

त्यानं ओठ चाटत असलेल्या पोरांवरनं नजर फिरवली, मग माझ्याकडं वळला.

"कसं वाटतंय?"

उत्तर द्यायला माझी जीभ टाळूपासून सुटली नाही.