नमुना फ्लॅटमधला साडेपाच फुटांचा पलंग

मित्रांनो, आमची सदर भागातली जुनी इमारत पाडून नवी बांधायची आहे. आज बिल्डरने आम्हा रहिवाशांना नमुना फ्लॅट पाहायला बोलावले होते. पाहून झाले की तिथेच संमतीपत्रावर सही.

बेडरूम पाहून सगळे खूश. पलंग, कपाट, टेबल ठेवूनही जागा उरली होती. मला पलंग खटकला. खिशातला टेप लावला. लांबी साडेपाच फूट!

बिल्डरचा माणूस हसला, "काय गा भाऊ, फ्लॅट पाहायले आला का सुतारकाम करायले?" शेजारीही खिदळले.

बाबांनी पेन उघडले होते. मी म्हणालो, "बाबा, आधी झोपून पाहा."

"काहून तमाशा करून राहिला?" म्हणत ते आडवे झाले. दोन्ही पाय बाहेर लटकले. खोली मोठी दिसावी म्हणून या भामट्यांनी पलंगच छोटा बनवून घेतला होता.

बाबांनी पेन बंद केले. शेजाऱ्यांनी हे सगळे डोळ्यांनी पाहिले आणि तरीही सह्या केल्या. वर बाबांनाच सुनावले, "तुमच्यापायी आमचं काम अडते."

मी दहावी नापास. हे सगळे पदवीधर. यांची कीव करायचीही इच्छा होत नाही.

तुमच्या इमारतीत सह्या झाल्या, तेव्हा एकाने तरी खोली मोजली होती का?