दोष आढळला नाही

टेलिफोन कंपनीच्या तक्रार-टेबलावर तो एकोणीस वर्षं बसला, पण तेवढ्या वर्षांत एकाही माणसावर त्याचा सरळ विश्वास बसला नाही. ऑफिसात त्याला शंकासुर म्हणत. लोक ताक फुंकून पितात. हा बाबा पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. काम एवढंच, की एक्स्चेंजच्या कपाटातलं एखादं सर्किटचं कार्ड बिघडलं की तक्रारीचा कागद लिहून ते पुरवठादाराकडे धाडायचं.

एक कार्ड तीनदा गेलं आणि तीनदा परत आलं. सोबत तेच उत्तर, ‘दोष आढळला नाही.’

“खोट्या तक्रारी करता म्हणतात ते,” साहेब म्हणाले. “अजून एकदा असं उत्तर आलं, तर हे टेबल सुटलं समजा. काउंटरवर बसा.”

टेबल सुटणार! नक्की कुठंतरी पाणी मुरतंय. लेकाचे खोकंसुद्धा उघडत नसणार! दुसऱ्या दिवशी निघताना त्यानं बायकोचं नेलपॉलिश मागून घेतलं.

“या वयात कुणासाठी नटताय?” ती म्हणाली.

त्यानं कार्डाच्या झाकणाच्या प्रत्येक स्क्रूवर लाल ठिपका दिला, स्क्रू फिरवला की तडकेल असा, आणि चौथ्यांदा ते धाडलं.

तीन आठवड्यांनी कार्ड आलं. ठिपके जसेच्या तसे, उत्तरही तेच. त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. साहेबांकडे जाण्याआधी त्यानं पुरवठादाराच्या इंजिनिअरबाईंना फोन लावला.

“सापडलात बाई! झाकण उघडलंच नाहीत.”

“झाकण कशाला उघडू, काका? कार्ड मशीनला लावून तपासतो आम्ही. दोन तास व्यवस्थित चाललं. तुमच्याकडे बंद कधी पडतं?”

“दुपारी. कपाट तापलं की.”

“तापल्यावर? मग हे चारही कागदांवर कुठं लिहिलंय?”

लिहिलं नव्हतं. मुद्दामच. आपण लक्षण सांगितलं तर हे लोक तेच उतरवून ‘तपासलं’ म्हणतील; खरंच तपासत असतील तर त्यांचं ते शोधतील, अशी त्याची अटकळ. काय म्हणावं या शहाणपणाला! हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

“आता तरी लिहा,” बाई म्हणाल्या. “तापवून बघते.”

‘आजच लक्षात आलं’ असं लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? पेन तिथंच अडलं. मग त्यानं लिहिलं : ‘कपाट तापल्यावर कार्ड बंद पडतं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मीच लपवलं.’

साहेबांनी कागद दोनदा वाचला, सही केली.

“टेबलावरचं सामान आवरा,” ते म्हणाले.

“आवरूनच आलोय, साहेब.”