सिंगापूरच्या सहलीबद्दल चांगलंच लिही

"ती पिशवी तिकडं खुर्चीवर ठेव. ह्यात मिसळू नको," मॅडम मला म्हणाल्या.

सिंगापूरच्या हॉटेलातली खोली. विज्ञानाच्या परीक्षेतून सरकारनं निवडलेली आम्ही मुलं-मुली, सोबत आमच्याच शाळेच्या मॅडम. पलंगावर वर्तमानपत्र अंथरलेलं. घरून आणलेलं एकत्र करायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं, ही आपली प्रवासातली रीत. लाडू, धपाटी, शेंगाचटणीचा ढीग झाला. माझ्या कडक भाकरी तेवढ्या खुर्चीवर.

आईनं त्या गावाकडं, बेंबळीत, चुलीपुढं बसून पापडासारख्या वाळवल्या होत्या. "मॅडमला आधी दे," म्हणाली होती.

आमची जात मॅडमना ठाऊक होती. पोरांनाही. माझी मैत्रीण लाडू चघळत खिडकीबाहेर बघत राहिली. मी खुर्चीजवळ फरशीवर बसून एकटीनं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी बाजारात जेवलो. घामेजलेला आचारी उघड्या हातानं ताटलीत नूडल्स टाकत होता. मॅडम बोटं चाटत होत्या.

"बघा पोरांनो, इथं कुणी कुणाची जात विचारत न्हाय. म्हणून देश पुढं गेला."

मी ताटली खाली ठेवली.

"मॅडम, ह्या आचाऱ्याची तुम्ही विचारली का?"

त्यांनी बोटं रुमालाला पुसली. "सरकारनं विमानात बसवलं तर लई तोंड फुटलं गं तुला."

"मार्कांनी बसले, मॅडम."

पुढं परत येईपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

घरी आईनं विचारलं, "पुरल्या का गं सगळ्यांना?" मी घडलं ते सांगितलं. तिनं रिकामी पिशवी झटकून घडी घातली. मग म्हणाली, "तू तरी पोटभर खाल्ल्यास न्हवं?"

ह्या उन्हाळ्यात आई गेली. मॅडम भेटायला आल्या. उंबऱ्याबाहेरच उभ्या राहून म्हणाल्या, "काय चव होती तुझ्या आईच्या हाताला!"

त्यांनी तुकडासुद्धा तोंडात घातला नव्हता. मेलेल्या बाईच्या दारात इतकं सहज खोटं बोलता येतं.

जाताना म्हणाल्या, "वार्षिकांकाला सहलीवर लेख दे. चांगलंच लिही, शाळेचं नाव हाय."

हा तो लेख. ह्यातली एक ओळ गाळायची नाही. गाळली, तर स्नेहसंमेलनात मंचावर चढून मी तो वाचेन. माइक बंद केला, तर ओरडून वाचेन. मॅडमनी पहिल्या रांगेत बसून ऐकायचा.