पुस्तकवाल्या बाईंची साक्ष

आमच्या घरात वकिली पिढीजात. मी मात्र अमरावतीतल्या एका छापखान्यात लग्नपत्रिका आणि संत्र्याच्या पेट्यांची लेबलं करायची, आणि वडील आल्यागेल्याला सांगायचे, "ती सध्या तात्पुरतं काहीतरी करते." त्या 'तात्पुरतं'नं माझं डोकं फिरायचं. त्याच रागात मी पुस्तक लिहिलं. डिझायनर व्हायचं तर काय शिकायचं, कुठे शिकायचं, काम कसं मिळवायचं, सगळं सोप्या मराठीत, कारण आमच्याकडच्या मुलांना ते कुणी सांगतच नव्हतं. प्रकाशक मिळेना, तेव्हा पदरमोड करून स्वतःच छापलं. वडिलांनी अट घातली: उन्हाळ्यापर्यंत पुस्तकाचा जम बसला तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं बी.एड. करायचं आणि शाळेत लागायचं. मी हो म्हटलं. मला वाटलं होतं, बैठकीत रचलेले पुस्तकांचे गठ्ठे महिन्याभरात संपतील.

कसलं काय! पिशवीत पुस्तकं भरून मी गावोगाव विकत फिरले. मोर्शीच्या चित्रकलेच्या सरांनी पुस्तक कौतुकानं चाळलं आणि पहिल्या पानावर 'सप्रेम भेट' लिहून द्या म्हणाले. वरुडच्या व्यापाऱ्याच्या पेट्यांवर माझीच लेबलं होती, पण त्यानं विचारलं, "याच्यात संत्र्याचं काय हाय?" नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. त्यात साल वाईट. कपाशीनं सगळ्यांनाच दगा दिला होता, आणि पालक एकच म्हणायचे, "चित्रं काढून काय होते बाई? पोराले नोकरी लागन असं काही सांगा." घरी बसलं की गठ्ठे दिसायचे आणि जीव घाबरा व्हायचा, म्हणून मी पुन्हा पिशवी उचलून एस.टी. पकडायची. अखेर मीच हात टेकले. एका सकाळी वडिलांना सांगून टाकलं, करते बी.एड.

तरी दोन दिवसांनी अकोल्याला गेलेच. स्वस्थ बसवतच नव्हतं. तिथे एका फ्लेक्सच्या दुकानात तिशीतला एक ऑपरेटर बियाण्याची जाहिरात करत बसला होता. त्यानं पुस्तक उघडलंच नाही. मागच्या बाजूचा फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"ह्या तुमीच काय?"

"हो."

"मंग ताई, माह्यासंगं अकोटले चाला."

अकोटला तो मुलगी पाहायला निघाला होता. आधीची स्थळं फिसकटली होती. "डिझाइन करतो म्हनलं की लोकं इचारते, थे ठीक, पन कामधंदा काय? तुमी सांगा त्याइले. पुस्तक छापलं म्हंजे धंदा खरा असनच ना!" त्या पुस्तकाची इतकी गरज आजवर कुणालाच लागली नव्हती. मला हसू आलं आणि भरूनही आलं. मी त्याच्यासोबत बसमध्ये चढले.

अकोटच्या त्या घरी पोहे झाले, आणि त्यानं पुस्तक मुलीच्या वडिलांच्या हाती दिलं. ते कपाशीवाले शेतकरी. पोरगी वावरात द्यायची नाही, नोकरीवालाच पाहायचा, हे त्यांनी आधीच बोलून दाखवलं होतं. पुस्तक उलटूनपालटून पाहिल्यावर त्यांनी ऑपरेटरला काही विचारलं नाही, मलाच विचारलं.

"तुमी हेच करता काय बाई?"

"हो."

"भागते याच्यावर?"

खरं सांगायचं तर नाही म्हणायला हवं होतं. पण ऑपरेटरचा चमचा पोह्यांत तसाच थांबला होता, आणि मला एकदम वडिलांचं ते 'तात्पुरतं' आठवलं.

"भागते," मी म्हटलं. चक्क वऱ्हाडीत.

"पोरीइले जमते काय हे?" आवाज दारातून आला. चहाचा ट्रे हातात घेऊन मुलगी उभी होती.

"तू चूप राय," तिचे वडील म्हणाले.

"काऊन? त्या बी पोरगीच हायत ना. त्याइचं भागते, मंग माहं काऊन नाही भागनार?" तिनं ट्रे खाली ठेवला, बापाच्या हातातलं पुस्तक घेतलं आणि मला विचारलं, "म्या अमरावतीले शिकाले आली त शिकवान?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी ये म्हटलं. तिच्या वडिलांनी पुस्तक तिच्याच हातात राहू दिलं. मग ऑपरेटरला म्हणाले, "लग्नाचं मागून पाहू."

परतीच्या बसमध्ये तो माझ्याशेजारी बसलाच नाही. अकोला आल्यावर उतरता उतरता म्हणाला, "ताई, मी तुमाले माह्यासाठी नेलं होतं. तुमी त पोरगीच फोडली!" बिचाऱ्याचं खरंच वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, अमरावतीपर्यंत मी आतल्या आत नाचत होते. आणि त्याहून जास्त घाबरले होते.

घरी वडील बी.एड.च्या कॉलेजची चौकशी करून बसले होते.

"मी नाही करणार," मी म्हटलं.

"पुस्तकं तर तशीच पडली आहेत."

"पडू द्या. अकोटची एक मुलगी माझ्याकडे काम शिकायला येणार आहे. तिच्या बाबांनी विचारलं, भागतं का? मी भागतं म्हणून सांगून आलेय."

वडिलांनी चष्मा काढला. कोर्टात उलटतपासणीला उभे राहताना काढायचे तसा.

"आणि भागतं का?"

"नाही," मी म्हटलं. "आता भागवावं लागेल."