माझ्या नावानं टाकलेलं वजन

परतूरच्या मोंढ्यात, भर दुपारी, घनसावंगीकडचा एक शेतकरी माझ्या सदऱ्यावर थुंकला. त्याची तूर मीच मोजल्ती. पावतीवर वजन कमी आलं. आमच्या अडतीच्या दुकानातल्या सेठनं कॉम्प्युटरचं तोंड त्याच्याकडं फिरवलं. "वाचा पाटील, कोणाचं नाव हाये. वजन यानं टाकलंय. माझ्या हातात काय हाये?"

पाटील म्हणाला, "बुद्धवाड्यातला काट्यावर बसवला की हेच व्हणार."

मुनीम हसला. मी थुंकी पुसलीबी न्हाई. त्या मशीनला मी कधी बोट लावलं नव्हतं.

त्या साली साऱ्या मोंढ्याला मिळून एकच कॉम्प्युटरची सोय आल्ती. सगळ्या अडतींचा हिशेब एकाच जागी, पण एकीचं दुसरीला दिसायचं न्हाई. अन् अडतीतबी ज्याचं काम त्यालाच. वजन मापाड्यानं, म्हंजी मी टाकायचं, भाव मुनिमानं. सेठनं सगळं बघायचं, पण वजनाला हात लावायचा न्हाई. बसवायला आलेल्या साहेबानं हे समजावून सांगितलं, अन् ज्यानं त्यानं आपापला पासवर्ड टाका म्हणाला. माझी पाळी आली तर मुनीम म्हणाला, "ए काट्या, खुर्ची बाटवू नको." माझा पासवर्ड त्यानंच टाकला. मला सांगितलाबी न्हाई.

मोंढ्यात मला कोणी नावानं हाक मारलीच न्हाई. सारी जिंदगी, काट्या. माझं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं बराबर लिहिलं ते पयल्यांदा त्या मशीनमधी. अन् त्याच नावाखाली सेठ-मुनीम चोरी करून राह्यले होते.

साहेब परत आला तवा मी चपलेसकट आत गेलो. खुर्चीवर बसलो. म्हणलं, माझा पासवर्ड मला बदलायचाय. तो म्हणाला, तुमचाच हाये, बदला. मी तिसरीपस्तोर शिकलेला. इंग्रजी अक्षरं येत न्हाईत, आकडे येतात. एका बोटानं आकडे दाबले.

मंग मुनिमाला वजन टाकता येईना. सेठनं बोलावलं. आधी गोड बोलला, चहा सांगितला. मला तोच, येगळा ठेवलेला, कान तुटलेला कप. मंग म्हणाला, "आकडा सांग."

"न्हाई."

मुनिमानं कानाखाली मारली. हमाल बघत उभे. एकजणबी हालला न्हाई.

सेठ म्हणाला, "तुझ्या नावाला कोण कुत्रं इचारतंय रे?"

"तुम्हीच इचारून राह्यले, सेठ."

कामावरून काढलं. मशीनमधून नावबी काढलं, तेवढा हक्क मालकाला होता. दुसऱ्या कोण्या अडतीनं उभं केलं न्हाई. म्हातारपणी खडी फोडली. पाटलाला खरं सांगायला त्याच्या गावाला गेल्तो. त्यानं दारातूनच हाकललं. त्याच्या लेखी मी आजबी चोर.

असू दे. नाव काढायचं तर काढा. पण माझ्या नावानं वजन पडंल ते माझ्याच हातानं, न्हाईतर पडणार न्हाई. तो आकडा अजून कोणाला सांगितला न्हाई. बायकोलाबी न्हाई. सरणावर संगं नेईन.