नेलिदाला न मिळालेला खेळ

चिलीतल्या वाल्परायसो शहरात ट्रॉलीबस चालवणाऱ्या नेलिदाला चोपन्नाव्या वर्षी थोरला भाऊ एर्नान जुन्या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनाला घेऊन गेला. अंतराळयानाच्या खेळापाशी तो हळहळला, "काय दिवस होते गं! तुला मात्र कधी गोडीच नव्हती."

नेलिदा भडकली. "गोडी नव्हती? गेमच्या दुकानात पोरी शोभत नाहीत, असं आईच्या डोक्यात तूच भरवलंस! मी बाहेरून काचेला नाक लावून बघायचे."

एर्नान ओशाळला. "मग आता खेळ की."

ती खेळली. मिनिटभरात यान फुटलं. गर्दीतल्या वळणांवर बस लीलया फिरवणारे हात इथे सारखे चुकत होते.

"बाराव्या वर्षी शिकले असते हे! आता कुणाला हरवू?"

"मला हरव."

"तुला हरवून ती वर्षं परत येणारेत का?" ती फणकारली, आणि तिने पुन्हा बटण दाबलं.