ताडपत्री

शिजलेल्या हळदीचा वास आला की मला ती दुपार आठवते आणि नव्यानं डोकं फिरतं. डोंगरकड्याला, आमच्या गावी, अंगणात शिजवलेली हळद वाळत पसरली होती. "आभाळाकडं बघा, आलं की झाका," असं नवऱ्याला बजावून मी बोअरवर धुणं धुवायला गेले. तिथंच वळवानं गाठलं. भिजली की हळद काळी पडते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. धावत आले, तर अंगणातून पिवळं पाणी वाहत होतं आणि हे ओलेचिंब होऊन ताडपत्रीवर दगड ठेवत होते. ताडपत्रीखाली माझी स्कूटी! कित्येक वर्षं "औंदा घेतोच" म्हणत शेवटी त्याच महिन्यात आणलेली. "हळद काहून न्हाई झाकली?" "तुजी गाडी भिजून राहिली होती ना!" "अहो, गाड्या पावसातच चालतेत!" त्यावर ह्यांनी ताडपत्रीवर आणखी एक दगड ठेवला. त्या हळदीला रंग चढलाच नाही. शेवटी मी स्वतः जाऊन दुसरी ताडपत्री आणली, खास हळदीसाठी. परवा पुन्हा वळीव आला, पळत अंगणात गेले, तर दोन्ही ताडपत्र्या स्कूटीवर. पहिलीला भोक पडलंय म्हणे.